पदवीनंतर लगेच पुढे, की आधी एक वर्ष तयारीचं?

पदवीचा निकाल लागला की अर्ज भरायची घाई सुरू होते आणि त्या घाईत मुख्य प्रश्न बाजूला राहतो: पदवीने आपली तयारी नेमकी कशाची करून घेतली आहे? माझं मत आधीच सांगते. विषय समजून घेण्यापुरती पदवी बहुतेकांना पुरते. स्वतः प्रश्न शोधून महिनोन् महिने त्याच्या मागे लागण्यासाठी मात्र ती क्वचितच पुरते.

पदवीच्या वर्गात प्रश्न दुसरं कोणीतरी काढतं आणि उत्तर त्याला ठाऊक असतं. प्रॅक्टिकललाही निकाल काय यायला हवा ते आधीच माहीत असतं. संशोधनात प्रयोग फसला, तर हात चुकला की मुळात कल्पनाच चुकीची होती, हे आपलं आपल्यालाच शोधावं लागतं. मार्कांच्या बाबतीत पुढे असलेली मुलं इथे अडखळतात, ती हुशारी कमी पडते म्हणून नव्हे. या कामाचा सरावच त्यांना कधी मिळालेला नसतो.

ही दरी शिक्षणव्यवस्थांनीही मान्य केली आहे, फक्त पूल वेगवेगळ्या ठिकाणी बांधला आहे. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएच.डी.ला जाता येतं, पण तिथली सुरुवातीची वर्षं बरीचशी कोर्सवर्क आणि पात्रता परीक्षेत जातात. युरोपात १९९९ च्या बोलोन्या करारानंतर पदवी, मास्टर्स, मग पीएच.डी. अशी पायऱ्यांची रचना रुळली. ऑस्ट्रेलियात तीन वर्षांच्या पदवीनंतर प्रबंधासह ऑनर्सचं वेगळं वर्ष करता येतं. म्हणून अर्ज करताना आपला पूल त्या अभ्यासक्रमातच आहे का, हे आधी पाहा. वर्गात शिकवला जाणारा मास्टर्स असेल तर मध्ये थांबायची गरज सहसा नसते. पहिल्या दिवसापासून प्रबंधाचंच काम असेल आणि पदवीत एकही मोठा प्रकल्प केला नसेल, तर एक वर्ष थांबणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

विषयानुसारही फरक पडतो. गणितात सिद्धता लिहायची सवय झालेली असेल तर लगेच जावं, कारण वर्षभर हात लावला नाही की गणित गंजतं. नुसत्या गणनपद्धती घोकल्या असतील तर पहिलंच सत्र जड जातं. इतिहासात मूळ साधनांची भाषा येत नसेल, तर ती एका सत्रात येत नाही. तिथे वर्ष सत्कारणी लागतं. प्रायोगिक विज्ञानात प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून केलेलं काम मला आणखी एका प्रमाणपत्रापेक्षा मोलाचं वाटतं.

नुसतं प्रवेश परीक्षेसाठी थांबलेलं वर्ष मात्र ही उणीव भरून काढत नाही. त्या वर्षात एक तरी दीर्घ लेखन कोणाच्या तरी मार्गदर्शनाखाली पूर्ण व्हायला हवं. आणि शिष्यवृत्तीसह जागा हातात असेल, तर ती सोडण्याआधी प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो का, ते विद्यापीठाला विचारा.

निर्णय होत नसेल तर आपल्या विषयातला एक ताजा शोधनिबंध घ्या. त्यातला प्रश्न कोणता आणि हीच पद्धत का निवडली, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं, तर शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्ससाठी तुम्ही तयार आहात. युक्तिवाद कुठे लंगडा आहे आणि तुम्ही पुढे काय तपासाल, हेही सुचलं, तर संशोधनासाठी थेट अर्ज करा.