रॅमची पट्टी बसते का, ते आधी बघा: एकाच भावातले दोन लॅपटॉप, ११ महिन्यांनंतर

घेताना भाव दोन्हींचा ५० हजारांच्या आतबाहेर, फरक हजार-बाराशेचा. एकात इंटेलचा कोअर आय-५ १२३५यू प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर-४ रॅमची एक पट्टी आणि शेजारचा स्लॉट, म्हणजे दुसऱ्या पट्टीची खाच, रिकामा. दुसऱ्यात एएमडीचा रायझन ५ ७५२०यू प्रोसेसर आणि ८ जीबी एलपीडीडीआर-५ रॅम. दोन्ही सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या अडत दुकानात रोज दहा तास चालू असतात. काम टॅली, एक्सेल, जीएसटी पोर्टल, क्रोमच्या पंधराएक टॅब आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब.

पहिले दोन महिने रायझन उजवा वाटला. स्क्रीन उजळ, पंखा जवळजवळ गप्प, लाईट गेली तर तासभर जास्त टिकतो, मोबाईलच्या ६५ वॉटच्या टाईप-सी चार्जरवरही चार्ज होतो. आय-५ ला तीच जुनी गोल पिन. चार्जर घरी राहिला की दिवस गेला. तेव्हा कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून रायझन सांगितला असता.

मार्चअखेरीला मत फिरलं. विंडोज ११, टॅली आणि टॅब मिळून मेमरी ९० टक्क्यांच्या वर. रायझनच्या ८ जीबीतला वाटा ग्राफिक्स आधीच काढून घेतं. उरलेलं पुरलं नाही की विंडोज मेमरीतला माल एसएसडीवर, म्हणजे हळू चालणाऱ्या डिस्कवर, टाकत बसतं आणि एक्सेलची शीट बदलायला दोन-तीन सेकंद थांबायचं. आय-५ चीही गत तीच होती, पण त्यात ८ जीबीची दुसरी पट्टी बसवली, दहा मिनिटांत काम संपलं. टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सचं नावही 'यूएचडी'वरून 'आयरिस एक्सई' झालं, कारण दोन पट्ट्यांशिवाय ते पूर्ण ताकदीनं चालतच नाही.

रायझनला हा इलाजच नाही. ७५२०यू फक्त एलपीडीडीआर-५ घेतो, ती बोर्डावरच सोल्डर केलेली येते. मग डबा कुठल्याही कंपनीचा असो. आणि नाव ७००० मालिकेतलं आहे म्हणून नवं समजू नका. ७५२० मधला तिसरा आकडा खरी पिढी सांगतो: २ म्हणजे झेन २ ही एएमडीची प्रोसेसर-रचना, म्हणजे २०१९ चं डिझाइन. त्याच भावात ७५३०यू मिळत असेल तर तो झेन ३ आहे, डीडीआर-४ वर चालतो; पण त्यातही स्लॉट आहे का, ते वेगळं बघावं लागतं.

दुकानातच बघता येतं. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, परफॉर्मन्स, मेमरी. खाली 'फॉर्म फॅक्टर'समोर 'सोडिम' असेल तर पट्टी आहे, 'रो ऑफ चिप्स' असेल तर चिकटवलेली. 'स्लॉट्स यूज्ड'च्या आकड्यावर विसंबू नका, सोल्डर केलेल्या रॅमलाही तो स्लॉट म्हणून मोजतो. सेल्समन 'वाढवता येते की' म्हणाला तर बिलावर लिहून मागा, आवाज लगेच खाली येतो.

हळदीच्या हंगामात दोन्ही तापू लागले. आय-५ चं खालचं झाकण काढलं तर पंखा आणि हीटसिंकची जाळी यांच्यामध्ये पिवळी नमद्यासारखी पट्टी बसलेली, हवा जाणार कुठून? आधी बॅटरीची केबल सोडवा. पंख्याची पाती बोटानं धरून ब्लोअर मारा, नाहीतर पंखा भरकन फिरून बेअरिंग जातं. कडेची धूळ रंगाच्या मऊ ब्रशनं. स्क्रू ज्या भोकातले त्याच भोकात; मागचा लांब स्क्रू पुढं घातला तर वर पामरेस्टला फुगवटा येतो. साफ केल्यावर टॅलीचा बॅकअप घेताना ९५ अंशांवर जाणारा प्रोसेसर ८० च्या खाली राहिला.

रायझनचे मागचे स्क्रू एका अखंड रबरी पट्टीखाली दडवलेत. ती एकदा उचकटली की गोंद मेला. आता टोकाला लोंबते, टेबलावर अडकते, दर आठवड्याला फेव्हिक्विक. साडेचारशे रुपयांची रबरी पट्टी सुटी मिळत नाही, झाकणासकट घ्या म्हणतात दुरुस्तीवाले! रॅमबद्दल विचारलं तर मदरबोर्डच बदला. कोटेशन लॅपटॉपच्या निम्म्या किमतीचं.

रायझन आता काउंटरवर नुसत्या पावत्या काढतो, तेवढ्याला तो बेस आहे. आय-५ साठी दुसरा गोल पिनचा चार्जर घेऊन घरी ठेवला, तो खर्च धरूनही हिशेब त्याच्याच बाजूनं बसतो.