स्प्लिटटेक्स्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर, देवनागरी मथळ्यांच्या संदर्भात

मराठी संकेतस्थळावरचे मथळे एकेक अक्षर करून उमटवण्यासाठी आम्ही आधी एक छोटे, फुकटचे पॅकेज वापरत होतो. ‘ज्येष्ठ नागरिकांसाठी’ हा मथळा त्यातून पडद्यावर आला, तेव्हा ‘ज्येष्ठ’ या एका शब्दाचे सात तुकडे झाले होते आणि हलन्त व मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकून स्वतंत्रपणे सरकत होत्या. ग्राहकाकडून त्याचा स्क्रीनशॉट आला आणि आम्ही जीसॅप या जावास्क्रिप्ट अ‍ॅनिमेशन लायब्ररीच्या स्प्लिटटेक्स्टकडे, म्हणजे मजकुराचे तुकडे पाडणाऱ्या प्लगइनकडे, वळलो. पूर्वी हे प्लगइन सशुल्क सदस्यत्वातच मिळत असे. २०२५च्या एप्रिलपासून, वेबफ्लो या संकेतस्थळे बांधण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या पाठबळामुळे, ते व्यावसायिक कामासाठीही मोफत झाले. आमच्यासारख्या लहान चमूला ही बचत फार मोलाची आहे.

रिअ‍ॅक्ट या पानाचे घटक बांधणाऱ्या लायब्ररीमधली डोकेदुखी यूजजीसॅप या हुकने (जीसॅपच्या तयार फंक्शनने) बऱ्यापैकी मिटवली. स्ट्रिक्ट मोडमध्ये विकासाच्या वेळी इफेक्ट, म्हणजे घटक पडद्यावर आल्यावर चालणारा कोड, दोनदा चालतो, त्यामुळे साफसफाई न करणारा कोड आधीच तोडलेला मजकूर पुन्हा तोडतो. हा हुक पहिली फेरी पूर्ववत करतो आणि मगच दुसरी सुरू होते. मात्र मथळ्यात इतर शब्दांसोबत स्टेटमधून (घटकाच्या बदलत्या माहितीतून) येणारा मजकूर असेल, तर सावध राहावे. रिअ‍ॅक्टने मूळ टेक्स्ट नोडचा (पानावरच्या मजकुराच्या तुकड्याचा) संदर्भ धरून ठेवलेला असतो, तो नोड तोडणीत पानावरून गेलेला असतो, आणि नवा मजकूर त्या निघून गेलेल्या नोडमध्येच लिहिला जातो. पडद्यावर मात्र जुनाच मथळा राहतो. मथळ्याला ‘की’ (घटकाची ओळखखूण) म्हणून तो मजकूरच दिला की घटक नव्याने बसतो आणि प्रश्न सुटतो.

फॉन्टच्या बाबतीत ऑटोस्प्लिट हा पर्याय खरोखर आवडला. देवनागरी वेबफॉन्ट उशिरा आला की ओळींची रुंदी बदलते आणि आधी पाडलेल्या ओळी चुकीच्या ठरतात. हा पर्याय फॉन्ट आल्यावर ओळी पुन्हा पाडतो. त्यासाठी अ‍ॅनिमेशन ऑनस्प्लिटच्या (तोडणी झाल्यावर चालणाऱ्या फंक्शनच्या) आत लिहून तिथूनच परत करावे लागते.

आता मूळ प्रश्न, म्हणजे जोडाक्षरे. सुरुवातीच्या आठवड्यांत माझे ठाम मत होते की अक्षरे कुठे तोडायची हे ब्राउझरच्या इंटल.सेगमेंटरवर (मजकूर अक्षरांत-शब्दांत विभागणाऱ्या अंगभूत साधनावर) सोपवले की काम झाले. आमच्या लॅपटॉपवर तो ‘ज्येष्ठ’चे ‘ज्ये’ आणि ‘ष्ठ’ असे दोनच तुकडे करत होता, आणि ते पाहून फार समाधान वाटले होते. नंतर एका जुन्या फोनवर त्याच शब्दाचे ‘ज्’, ‘ये’, ‘ष्’, ‘ठ’ असे चार तुकडे पडले. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांमधली जोडाक्षरे अखंड ठेवण्याचा नियम युनिकोड या लिपिचिन्हांच्या जागतिक मानकात १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला. त्याआधीच्या माहितीवर चालणारा ब्राउझर हलन्तानंतर तोडू शकतो. फायरफॉक्समध्ये तर सेगमेंटरच २०२४ साली आला. वाचकाच्या हातातला फोन आपण ठरवू शकत नाही, म्हणून मी मत बदलले: मराठी मजकूर शब्दांवर किंवा ओळींवर तोडावा, अक्षरांवर तोडू नये. तुकडे बरोबर पडले तरी प्रत्येक तुकडा वेगळ्या इनलाइन-ब्लॉकमध्ये (स्वतंत्र चौकटीत) गेल्यावर फॉन्टने अक्षरांच्या जोड्यांसाठी ठरवलेले अंतर नाहीसे होते आणि मोठ्या मथळ्यात ते डोळ्याला खुपते.

ओळींवर तोडतानाही मास्क हा ओळीभोवती आवरण घालणारा पर्याय जपून वापरावा लागतो. त्याचे आवरण बाहेर आलेला भाग कापते, आणि लॅटिन मजकुराला पुरेशी असलेली ओळीची उंची ‘कीर्ती’चा रफार, वेलांटीचे टोक किंवा ‘कृषी’तला ऋकार सामावून घेत नाही. अशा मथळ्यांसाठी मी ओळीची उंची १.६ ठेवतो आणि आवरणाला वर-खाली थोडे पॅडिंग (आतली मोकळी जागा) व तेवढेच ऋण मार्जिन (बाहेरची जागा) देतो. त्यामुळे मांडणी न बिघडता मात्रा शाबूत राहतात.

स्क्रीन रीडरसाठी (पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या साधनासाठी) मूळ मजकूर मथळ्याच्या लेबलमध्ये ठेवून तुकडे लपवण्याचे काम हे प्लगइन आपोआप करते, आणि ही गोष्ट मला वेगाइतकीच महत्त्वाची वाटते. ज्यांनी हालचाल कमी ठेवण्याची सेटिंग निवडली आहे, त्यांच्यासाठी जीसॅपच्या मॅचमीडियातून (अशा सेटिंग ओळखणाऱ्या सोयीतून) मथळा थेट, न हलवता दाखवावा. अक्षरांवरची तोडणी मी आता फक्त आकडेवारीच्या पट्टीत ठेवली आहे, कारण ‘१२५’ मधला प्रत्येक अंक स्वतंत्र चिन्ह असतो आणि कोणत्याही फोनवर तो मधोमध तुटत नाही.