जेमार्स: फुकट आहे, पण पीपीडी समजून घ्या

मंगळ-चंद्राचे नकाशे घरबसल्या बघायचे असतील तर अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचं जेमार्स हे सॉफ्टवेअर आजही पहिली पसंती. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. डाउनलोड त्यांच्याच साइटवरून करा, भलत्या साइटवरच्या जुन्या आवृत्त्या नकोत. विंडोजने इन्स्टॉलर अडवला तर ‘मोअर इन्फो’ दाबून पुढे जा. नुसतं बघायला गेस्ट लॉगिन पुरतं. स्वतःचा नकाशा चढवायचा असेल तर मात्र खातं लागतं, तेही फुकट.

इन्स्टॉल झालं म्हणजे डेटा आला असं नव्हे. सरकवाल तसा नकाशा सर्व्हरवरून उतरतो. कॉलेजच्या लॅबमध्ये पडदा कोराच राहिला तर सॉफ्टवेअरला नावं ठेवण्याआधी मोबाईलचं हॉटस्पॉट जोडून बघा. बहुतेक वेळा फायरवॉल आडवी आलेली असते. उतरलेला डेटा होम फोल्डरमधल्या ‘जेमार्स’ फोल्डरात साठतो. डिस्क भरत चालली तर आधी तिथे बघावं.

खरी गोची झूमची. झूम पीपीडीत, म्हणजे एका अंशात किती पिक्सेल, असा मोजतात. मंगळावर एक अंश सुमारे ५९ किलोमीटर. मोलाचा (मंगळाची उंची मोजणारं यानावरचं लेझर उपकरण) उंचीनकाशा १२८ पीपीडीचा, म्हणजे पिक्सेलला साधारण ४६३ मीटर. त्यावर ८१९२ पीपीडी लावलं की नुसता धूसर लगदा दिसतो. तपशील हवा तर मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांवरच्या कॅमेऱ्यांकडे वळा: थेमिसचा मोझेक, म्हणजे फोटो जोडून केलेला नकाशा (पिक्सेलला १०० मीटर), मग सीटीएक्स (सुमारे ६ मीटर), शेवटी हायराइज (२५-३० सेंटिमीटर), असं उतरत जा.

सीटीएक्स-हायराइजच्या फोटोंना इथे ‘स्टॅम्प’ म्हणतात. अक्षांश-रेखांशाची मर्यादा न घालता स्टॅम्प मागवले तर अख्ख्या ग्रहावरच्या चौकटी येतात आणि साधा लॅपटॉप मान टाकतो. आधी मर्यादा घाला, चौकटी येऊ द्या, मग हवा तेवढा एखादाच फोटो रेंडर करा, म्हणजे प्रत्यक्ष उघडा. लेयरच्या यादीतलं ‘एम’ बटण मुख्य खिडकीसाठी, ‘पी’ खालच्या छोट्या खिडकीसाठी, म्हणजे पॅनरसाठी. पॅनरमधला जड लेयर बंद ठेवला की बराच फरक पडतो.

सरावाला मंगळावरचं जेझेरो विवर घ्या: १८.४ उत्तर, ७७.५ पूर्व. अक्षांश जवळपास पुण्याचाच! पण रेखांश पूर्वेचा धरलाय की पश्चिमेचा, हे सेटिंगमध्ये तपासा, नाहीतर १५५ अंश दूर जाऊन विवर शोधत बसाल.

चंद्राच्या नकाशावर चांद्रयान-३ उतरलं ती जागा (६९.३७ दक्षिण, ३२.३२ पूर्व) उघडली की तिथली विवरं पूर्व-पश्चिम पावणेतीन पटींहून जास्त ताणलेली दिसतात. डेटा बरोबरच असतो. दंडगोल प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृष्ठभाग सपाट आयतात उलगडताना, ध्रुवाकडे असंच होतं. ‘री-सेंटर प्रोजेक्शन’ करून तो बिंदू मध्यावर आणला की विवरं गोल होतात.