सदर्न बॅप्टिस्ट अधिवेशनाचं रेकॉर्डिंग: अपिलांचा भाग बघाच

अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, संघाचं जून 2023 चं अधिवेशन न्यू ऑर्लिन्सला झालं. त्याचं रेकॉर्डिंग नेटवर फुकट आहे. सगळं बघू नका. ठराव आणि अहवाल ऐकता ऐकता कंटाळून जाल. पहिल्या दिवसाचा अपिलांचा भाग मात्र चुकवू नका.

सॅडलबॅक ही कॅलिफोर्नियातली मोठी मंडळी. 2021 मध्ये तिने तीन स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा दिली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये तिला संघाबाहेर काढलं, कारण संघाच्या विश्वासकथनात (श्रद्धेच्या लेखी मांडणीत) पाळकपद फक्त पुरुषांसाठी आहे. केंटकीतल्या फर्न क्रीक मंडळीचंही तेच झालं. तिथे लिंडा बार्न्स पॉपम तीन दशकं पाळक. दोन्ही मंडळ्यांनी प्रतिनिधींपुढे दाद मागितली. बोलायला मिनिटं मिळाली तीन-तीन.

सॅडलबॅकचे संस्थापक रिक वॉरन यांचं म्हणणं, आपली एकी पहिल्यापासून सुवार्तेच्या कामावर उभी आहे, एकाच विश्वासकथनावर नाही. संघाच्या बाजूने अल मोहलर यांनी उत्तर दिलं की प्रश्न शास्त्राशी बांधील राहण्याचा आहे. दोघंही मुरलेले वक्ते. मला जास्त भिडल्या त्या पॉपमबाई. आमच्यासारखं माना असं म्हणत नाही, पण सोबत काम करू द्या, एवढंच त्यांचं मागणं. तीस वर्षांच्या सेवेला तीन मिनिटं! हे मला अजिबात पटलेलं नाही.

निकाल दुसऱ्या दिवशी. आकडे वाचण्याआधी अध्यक्ष बार्ट बार्बर म्हणाले, घटस्फोट झाला म्हणून मंडळीत कुणी मेजवानी देत नाही. निकाल काहीही लागो, ख्रिस्ती माणसासारखे वागा. सॅडलबॅकला काढण्याच्या बाजूने 9,437 मतं, विरुद्ध 1,212. फर्न क्रीकचे आकडे 9,700 आणि 806.

निर्णय मला चुकीचा वाटतो. तरी हे रेकॉर्डिंग मी आमच्या महिला मंडळाच्या बायबल अभ्यासात लावणार आहे. आमच्याकडे पाळक बदलले तेव्हा वडीलवर्गाची (मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांची) बैठक बंद दाराआड झाली आणि आम्हाला कळलं ते थेट रविवारच्या सूचनांमध्ये. इथे ज्याला काढायचं त्याला सगळ्यांदेखत बोलू दिलं आणि मतं मोजून आकडे जाहीर केले. अधिकार कसा चालवतात ते उघड्यावर दिसतं.

बघताना बायबलमधला 1 तीमथ्य 2 उघडून ठेवा, स्त्रियांनी मंडळीत शिकवण्याचा वाद त्यावरूनच होतो. जमलं तर 2024 चं इंडियानापोलिसचंही बघा. स्त्री पाळकांवरची बंदी थेट संघाच्या घटनेत घालण्याचा प्रस्ताव तिथे 61 टक्के मतं मिळूनही पडला, कारण दोन तृतीयांश मतं लागत होती.