एचरेफलँग लावून आठ-नऊ महिने झाले, इंदूरहून परदेशी गिऱ्हाईक करणाऱ्यांसाठी अनुभव

एचरेफलँग म्हणजे हे पान कुठल्या भाषेच्या, कुठल्या देशाच्या माणसासाठी आहे ते गूगलला सांगणारा टॅग. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो, त्याने रँकिंग वाढत नाही. आमची जागा होती तिथेच आहे. फक्त कुठल्या देशातल्या माणसाला आपलं कुठलं पान दिसावं हे आता बऱ्यापैकी ताळ्यावर आलंय, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं.

वहिनींचं महेश्वरी साड्या-स्टोलचं काम आहे, बसतो रामबागेत, माल महेश्वरहून येतो, ऑर्डरी भारताखालोखाल ब्रिटन-अमेरिकेच्या आणि थोड्या जर्मनीच्या. लंडनच्या बाईला डॉलरचं पान दिसायचं, मग ती शिपिंग बघून पळायची.

आधीच्या डेव्हलपरने आयपी (म्हणजे इंटरनेटचा पत्ता, त्यावरून देश कळतो) बघून आपोआप त्या-त्या देशाच्या पानावर ढकलणारं रीडायरेक्ट लावलेलं. ऐकायला झकास, पण भिया, गूगलचा बॉट, म्हणजे साइटी वाचत फिरणारा त्यांचा प्रोग्राम, येतो मुख्यतः अमेरिकेच्या आयपीवरून, त्याला दरवेळी अमेरिकेचंच पान मिळणार, मग तो जर्मन पानं वाचणार कधी? ते काढून वर नुसती 'देश बदला' अशी पट्टी ठेवली. खरा फरक मला विचाराल तर ह्यानेच पडला, टॅगचा नंबर नंतर.

देशागणिक वेगळं डोमेन घ्या असं बरेच जण सांगतात, पण प्रत्येक डोमेन शून्यातून उभं करायला माणसं कुठून आणायची, म्हणून एकाच डॉटकॉमवर देशागणिक फोल्डर केले. तुमचं डॉट इन असेल तर मात्र विचार करा, गूगल ते भारतासाठीचं धरतं. आणि फोल्डरला देश नेमून द्यायची सर्च कन्सोलमधली (आपली साइट गूगलमध्ये कशी दिसते ते दाखवणारं गूगलचंच साधन) जुनी सोय 2022 मध्येच बंद झालीय.

टॅगमध्ये आधी भाषा मग देश, नुसता देश चालत नाही. ब्रिटनला जीबी लिहायचं, यूके नाही, तो युक्रेनियन भाषेचा कोड आहे. बाकी सोयरिकीसारखं, दोन्हीकडून होकार लागतो, ब्रिटनचं पान अमेरिकेच्या पानाकडे बोट दाखवतंय पण उलट नाही तर गूगल ती जोडी सोडून देतो. आमची खरी कटकट इथेच, हातमागाची साडी बहुतेक एकच नग, विकली की पान गेलं आणि जोड्या तुटल्या. शेवटी टॅग फक्त कॅटेगरीच्या आणि कायम राहणाऱ्या मालाच्या पानांना ठेवले, तेही पानाच्या कोडमधल्या हेडरमध्ये न घालता साइटमॅपमध्ये (साइटवरच्या पानांची गूगलला द्यायची यादी), कारण थीम अपडेट झाली की हेडरमधलं उडायचं. तपासायला स्क्रीमिंग फ्रॉग हे सॉफ्टवेअर, फुकटात 500 यूआरएल, आपल्याला पुष्कळ.

आता ज्याने माझी झोप उडवली होती ते. ब्रिटन आणि अमेरिकेचं पान दोन्ही इंग्रजी, फरक काय तर पाउंड आणि डॉलर. गूगल अशी पानं एकच समजून एकाला कॅनॉनिकल, म्हणजे मुख्य पान, धरतो, मग सर्च कन्सोल म्हणणार की ब्रिटनचं पान डुप्लिकेट आहे, इंडेक्समध्ये (गूगलच्या नोंदीत) नाही, आणि त्याचे क्लिक अमेरिकेच्या नावावर चढणार. वहिनींना वाटलं सगळं बुडालं! पण तिथल्या नातेवाइकांना शोधायला लावलं तर लिंक बरोबर ब्रिटनचीच येत होती. त्यामुळे तो रिपोर्ट पानावरून न वाचता देशाचा फिल्टर लावून वाचा. पानं वेगळी धरली जावीत असं वाटत असेल तर मजकूरच वेगळा करा, आम्ही ब्रिटनच्या पानावर डिलिव्हरी, कस्टम, परतीचे नियम तिथल्या हिशोबाने लिहिले, थोडा उपयोग झाला.

जर्मन पानं प्लगइनने भाषांतर करून टाकू नका. पुण्याला मॅक्समुलर भवनात शिकलेल्या भाचीकडून मोजकीच लिहून घेतली, कापड कसं धुवायचं, रेशीम किती सूत किती, किंमत करासकट. कमी पानं, पण त्यांवरून चौकशा येतात.

बिंगकडून फार आशा नको, तो एचरेफलँगला कमी मानतो, पानाची भाषा सांगणारा कंटेंट-लँग्वेजचा मेटा टॅग जास्त बघतो. कॅनडा-ऑस्ट्रेलियावाल्यांना सध्या एक्स-डिफॉल्टवर (ज्यांच्यासाठी वेगळं पान नाही त्यांना दाखवायचं पान सांगणारा टॅग) सोडलंय, तिथे देश निवडायचं पान येतं. आणि ज्यांची एकच इंग्रजी साइट, एकच किंमत, त्यांनी ह्या भानगडीत पडूच नये, तेवढ्या वेळात मालाचे फोटो नीट काढा.