जुना सागवानी साइडबोर्ड: एक पावसाळा काढल्यानंतर

जुना साइडबोर्ड (जेवणघरातलं ताटं-भांडी ठेवायचं बुटकं कपाट) घेताना लाकूड कुठलं हे सगळे विचारतात, खण ओढून कोणी बघत नाही. ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजारातला हा नग पाच फूट लांब, छत्तीस इंच उंच आणि अठरा इंच खोल आहे. गोल कोपरे, वर दोन रुंद खण, खाली तीन दारं. उन्हाळाभर तक्रारीला जागा नव्हती. जुलैत डावा खण चमच्यांसकट आत बसला तो हलेचना. दुकानदाराचं उत्तर: 'पावसात लाकूड फुगणारच, रंधा मारून घ्या.' विकताना सर्व्हिस फुकट होती, आता सुतार पाठवायचे पैसे वेगळे.

पावसाळ्यात खणाला रंधा अजिबात मारू देऊ नका. लाकूड लांबीत जवळपास वाढत नाही, आडव्या अंगानं फुगतं. खणाची बाजू सहा इंच उंच असेल तर मुंबईच्या दमटपणात ती मिलिमीटरभर सहज वाढते आणि वरच्या पट्टीला घासते. जुलैत तेवढं तासलं की डिसेंबरात खण खुळखुळतो, आणि तासलेलं लाकूड परत येत नाही. आधी खण रिकामा करून बाहेर काढा. लाकूड जिथे काळपट, चकचकीत झालंय तिथेच ते घासतंय. तिथे १८० नंबरचा पॉलिश पेपर दोन-चार हात फिरवा आणि साधी पांढरी मेणबत्ती घासा. तेल नको. ते लाकडात मुरतं, वर धूळ धरून चिकटा होतो. तासायचंच असेल तर हवा कोरडी झाल्यावर, आणि वर दोन मिलिमीटर फट राहील इतपतच.

मेणानं खण सुटला, पण तिरका यायला लागला. म्हणजे सगळा दोष पावसाचा नव्हता. वर्षानुवर्षं घासून बाजूंच्या खालच्या कडा मागच्या टोकाला झिजल्या होत्या, ज्या पट्ट्यांवर खण सरकतो त्यांत खाचा पडल्या होत्या. इलाज सोपा आहे: झिजलेली कड सरळ करून तेवढ्याच जाडीची सागाची पट्टी फेविकॉलनं चिकटवायची, रात्रभर क्लॅम्प ठेवायचा, खाचांतही तसेच तुकडे बसवायचे. खिळे मारायचे नाहीत. पट्टी झिजली की डोकी वर येतात आणि समोरचं लाकूड ओरबाडतात. अडीच फूट रुंद खण एका मुठीनं ओढला तर चांगला असला तरी तिरका अडकतो, म्हणून दोन्ही मुठी धरूनच ओढायचा. घरातल्या पोरांना हे कोण सांगणार?

दुरुस्ती करताना खणाचा तळ उलटा करून पाहिला. मूळ तळ बाजूंच्या खाचेत सरकवलेला असतो, मागे एखाद्या स्क्रूवर, म्हणजे फुगायला वाव राहतो. इथे कुणीतरी प्लायवूड खालून खिळ्यांनी ठोकलंय आणि कडा बाजूंच्या खाली येतायत. बाहेरून बर्मा टीक (म्यानमारचा साग), खाली पॅकिंगचं प्लाय. या एका गोष्टीसाठी भाव पाडायला हवा होता, असं अजूनही वाटतं.

पॉलिशबद्दल मात्र मत बदललं. 'ओरिजिनल लाख पॉलिश' म्हणून विकलं होतं. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा फिरवला तर काहीच विरघळलं नाही. लाख असती तर बोळा तपकिरी आणि चिकट झाला असता. म्हणजे लाख नाही, बहुधा मेलामाइन (कडक, चिवट थर धरणारं आधुनिक पॉलिश) मारलंय. सुरुवातीला राग आला, पण जेवणघरात हेच बरं. लाखेवर गरम पातेलं ठेवलं की पांढरं वर्तुळ उमटतं, सांडलेलं पाणी पुसायला उशीर झाला तरी डाग पडतो. इथे आमटीचं भांडं चुकून ठेवलं गेलं आणि काही झालं नाही. (गरम भांड्याखाली जाळी तरीही वापरा.) संग्रहासाठी घेणाऱ्यानं ही भानगड सोडावी, वाढायला घेणाऱ्यानं घ्यावी.

'१९४३ ची बर्मा टीक' हे ऐकलं की सावध व्हा. बर्माची तेव्हाची राजधानी रंगून मार्च १९४२ मध्येच जपान्यांच्या हाती गेली होती, म्हणजे १९४३ मध्ये तिथून नवं लाकूड येणं अवघडच. जुना साठा शिल्लक असू शकतो, पण कागद नसेल तर वर्षासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. बिजागऱ्यांना फुलीचे स्क्रू आणि शेजारी जुन्या बिजागरीची बुजवलेली खाच दिसली, तर दारं बदललेली किंवा हलवलेली आहेत. कीड सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही, कडेचा पांढरट भाग आणि मागचं प्लाय खाते. टाचणीएवढ्या भोकांखाली मैद्यासारखा ताजा भुसा दिसला तर उचलू नका. भोकं जुनी, कोरडी असतील तर सुईनं औषध भरून मेणानं बुजवता येतात.

आतली खोली सोळा इंच निघाली. अकरा इंची डिनर प्लेट आणि तेरा इंची ताट बसतं, मोठी परात नाही. भिंतीपासून दोन इंच सोडून ठेवा, नाहीतर पाठीमागे बुरशी. पाच तारे द्यायचे नाहीत, साडेतीन. डाव्या खणाचा तळ बदलून झाला की चार. आणि भाव ठरवताना हमाली कोणत्या मजल्यापर्यंत ते आधी लिहून घ्या. पाच फुटांचा नग जुन्या लिफ्टमध्ये आडवा जात नाही, उभा करायचा तर खण आणि दारं काढूनच.