जुनी कररचना की नवी? कोथरूडच्या एका पगारावर मांडलेला हिशोब

एप्रिलमध्ये एचआरचा मेल आला की मामेबहीण फोन करते, "दादा, जुनी ठेवू की नवी?" प्राप्तिकराच्या जुन्या रचनेत वजावटी भरपूर, नव्या रचनेत दर कमी पण वजावटी मोजक्या. 2025-26 या आर्थिक वर्षासाठी आम्ही वहीच घेऊन बसलो.

पगार वर्षाला 15 लाख, त्यातला बेसिक (मूळ पगार) साडेसात लाख. कोथरूडच्या घराचं भाडं महिना 22 हजार. नव्या रचनेत 75 हजारांची प्रमाणित वजावट (पगारदाराला सरसकट मिळणारी) गेली की कर सेससकट (करावरच्या उपकरासकट) 97,500. बाकी काही दाखवायचं नाही.

जुन्या रचनेत वर्षाच्या भाड्यातून बेसिकचे 10 टक्के वजा करून 1,89,000 ची एचआरए (घरभाडे भत्ता) सूट. 80सी कलमाखालचे (पीपीएफ, विमा अशा बचतीचे) दीड लाख, मेडिक्लेमचे 25 हजार, व्यवसाय कराचे 2,500 आणि 50 हजारांची प्रमाणित वजावट. एवढं करूनही कर 1,43,052! जुनी रचना परवडायला बहिणीला प्रमाणित वजावट सोडून जवळपास 5 लाख 44 हजारांच्या वजावटी हव्यात. भाड्याऐवजी गृहकर्जाचं दोन लाख व्याज धरलं तरी तेवढं होत नाही.

कंपनीच्या मालकांनीही लक्ष द्यावं. कंपनीने एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) भरलेल्या रकमेवर नव्या रचनेत बेसिकच्या 14 टक्क्यांपर्यंत वजावट मिळते, जुन्या रचनेत खासगी नोकरदाराला 10. हा पर्याय पगारपत्रकात ठेवाच, कर्मचाऱ्याचं म्हातारपण त्यावर उभं राहतं.

बहिणीने नवी निवडली. पीपीएफ मात्र मी बंद करू दिलं नाही. एचआरला काहीही कळवलं असलं, तरी नोकरदाराला मुदतीत रिटर्न भरताना रचना बदलता येते.